डाव संपला, आता लिहायचं काय? : वाचकांचे प्रश्न, पटावरची उत्तरं

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की बुद्धिबळ सुधारायचं असेल तर स्वतःचे डाव लिहून काढा आणि चार लोकांना वाचायला ऑनलाइन ठेवा. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांना जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी "कोणतं ओपनिंग खेळू" विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस लोअर परळला. रविवारी कुठेतरी रॅपिड, म्हणजे झटपट डावांची स्पर्धा खेळतो, सुट्टी मिळाली तर वर्षातून एखादी क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांची. रेटिंग पंधराशेच्या आसपास. डावांचं विश्लेषण लिहायची खूप इच्छा आहे पण माझ्या लेव्हलचे डाव वाचणार कोण? आणि सुरुवात जिंकलेल्या डावांनी केली तर चालेल ना?

वाचणार कोण म्हणजे काय, पंधराशेवालेच वाचणार! आणि तेराशेवाले, आणि सोळाशेवर अडकलेले, मुंबईत अशांची काही कमी नाहीये. ग्रँडमास्टरांच्या डावात हरणारा अशा ठिकाणी राजीनामा देतो की आपल्याला पट बघून कळतच नाही हा हरला कुठे, सगळी मोहरी तर जागेवर दिसतायत. तुमच्या डावात मात्र घोडा फुकट जातो, आणि तो का गेला, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं, हे वाचणाऱ्याला लगेच ओळखीचं वाटतं कारण त्याचाही परवाच गेलेला असतो.

जिंकलेल्या डावांनी सुरुवात केलीत तर दोन-तीन डावांत लिहायचं संपेल. जिंकल्यावर माणूस स्वतःला काही विचारत नाही हो, सगळं ठरवूनच केलं होतं असं वाटायला लागतं. हरलेला डाव घ्या, त्यातही असा घ्या की जो चांगला चालला होता आणि मग हातातून गेला. एका खेळीत वजीर दिला आणि संपलं, अशा डावात लिहिण्यासारखं एक वाक्य असतं.

आता सुरुवात कुठून. त्याच दिवशी, परतीच्या लोकलमध्ये, इंजिन (खेळ्या तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) न लावता. हे एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. फोनच्या नोट्समध्ये तोडकंमोडकं लिहा, "१४ व्या खेळीला वाटलं की उंट मारला तर एफची पट्टी उघडते म्हणून घाबरलो", "२२ ला वेळ बघितला आणि घाई केली", बस. शुद्धलेखन, वाक्यरचना सगळं नंतर. त्याच दिवशी का, तर एकदा इंजिनने उत्तर दाखवलं की आपली आठवण बदलते, मग आपण शपथेवर सांगतो की मला ती खेळी दिसलीच होती, फक्त खेळलो नाही. दिसली नव्हती. नोट्समध्ये आधी लिहिलेलं असलं की खोटं बोलता येत नाही.

क्लासिकल डावात स्कोअरशीटवर खेळीच्या बाजूला घड्याळातला वेळ लिहायची सवय लावा. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांना ते चालतं, खेळी, वेळ, बरोबरीचा प्रस्ताव, एखादा क्लेम असेल तर त्याची माहिती, एवढं लिहायला परवानगी आहे. पण "आता शांत राहा" किंवा "डी५ बघ" असलं काही लिहिलंत तर ती नोट झाली आणि आर्बिटर, म्हणजे स्पर्धेचा पंच, हटकणार. नंतर लिहायला बसलात की हे वेळेचे आकडे सोन्यासारखे कामाला येतात, कारण एका साध्या खेळीला १९ मिनिटं का लागली हा प्रश्न बहुतेक वेळा चुकलेल्या खेळीपेक्षा जास्त काही सांगतो. आणि हो, मूळ स्कोअरशीट नियमाप्रमाणे आयोजकांची असते, तेव्हा कार्बन कॉपी मागून घ्या, नाहीतर डाव संपल्यावर आर्बिटरला विचारून फोटो काढा, आणि फोन हॉलमध्ये खिशात ठेवून बसू नका, त्याच्यापायी डाव जातो.

रॅपिडमध्ये खेळी लिहिण्याचं बंधन नसतं. मग काय, बाहेर कॉरिडॉरमध्ये, जिथे पालक डबे घेऊन बसलेले असतात तिथे, प्रतिस्पर्ध्याला धरून बसायचं आणि दोघांनी मिळून डाव परत मांडायचा. दोघांची आठवण जोडली की साधारण सगळा डाव उभा राहतो. त्यातला खरा फायदा वेगळाच आहे, समोरच्याला सरळ विचारायचं की "इथे तू काय बघत होतास?" आणि तो असं काहीतरी सांगतो की जे तुमच्या डोक्यात आलंही नव्हतं. ते लिहा. ते इंजिन कधीच सांगणार नाही.

लिहा मराठीतच. इंग्रजीत असलं लिखाण ढिगाने पडलंय.

प्रश्न : मी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टडी, म्हणजे टिपणांचं पान करून डाव टाकतो, प्रत्येक खेळीखाली इंजिनची लाइन (त्याने सुचवलेल्या पुढच्या खेळ्या) देतो, प्लस-मायनस देतो, चिन्हं देतो. मेहनत खूप आहे पण मित्र म्हणतात वाचवत नाही. काय चुकतंय? (बोरिवली)

मित्र बरोबर बोलतायत. मेहनत स्टॉकफिशची, म्हणजे त्या इंजिनची आहे, तुमची नाही.

रागावू नका, नीट सांगतो. स्टॉकफिश फुकट आहे, वाचणाऱ्याच्या फोनवरही तेच आहे, एक बटण दाबलं की त्याला तीच लाइन दिसते. मग त्याने तुमचं पान का उघडायचं? तुम्ही जे लिहू शकता आणि इंजिन लिहू शकत नाही तेवढंच तुमचं.

उदाहरण देतो, अगदी जुनं, शाळेतल्या पोरांनाही माहीत असलेलं (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ, आणि आकड्यानंतर तीन टिंबं असली की ती काळ्याची खेळी). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६. इथे पांढरा ५. घोड्याने ई५ चं प्यादं मारतो, वजीर सरळ उघडा टाकून. काळ्याने लोभाने वजीर खाल्ला तर ६. उंट एफ७ ला प्यादं मारून शह, राजा ई७ ला, ७. घोडा डी५, मात. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये खेळणाऱ्या लेगालच्या नावाने ही मात ओळखतात.

आता तुमच्या पद्धतीने टीप अशी येईल : "४...जी६ ही चूक, ५. घोडा ई५ जबरदस्त", दोन उद्गारचिन्हं, शेजारी इंजिनचा आकडा. बरोबर आहे, पण त्यातून कोणी काही शिकलं का? वाचणारा पुढच्या रविवारी कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये बसतो, समोरचा ४...जी६ च्या ऐवजी ४...घोडा सी६ खेळतो, पट जवळजवळ तसाच दिसतोय म्हणून हा खुशीत ५. घोड्याने ई५ मारतो, आणि काळा वजीर न खाता सी६ चा घोडा आणून ई५ वरचा घोडा मारतो. झालं! त्या ई५ वरच्या घोड्याने आता जी४ च्या उंटालाही जोर दिलाय आणि सी४ च्या उंटावरही डोळा ठेवलाय, पांढऱ्याचा एक घोडा गेला आणि बदल्यात एक प्यादं. कॉफीसुद्धा गार व्हायच्या आत डाव संपला.

म्हणजे टीप लिहायची तर ही : "जी४ चा उंट बिनजोर आहे आणि ई५ ला परत मारणारं फक्त डी६ चं प्यादं आहे, म्हणून हे चालतं. त्याने प्याद्याने घोडा मारला तरी माझा वजीर जी४ चा उंट घेतो आणि मी एक प्यादं वर. ई५ वर काळ्याचा घोडा असता तर हे अजिबात चाललं नसतं." तीन वाक्यं. आकडा एकही नाही. आता वाचणाऱ्याला वेगळ्या पटावरही तेच ओळखता येईल की कधी मारायचं आणि कधी गप्प बसायचं.

आकड्यांबद्दल अजून एक. +१ म्हणजे एक प्यादं जास्त, असं आपण सगळे शिकलो. पण स्टॉकफिशने २०२२ च्या शेवटी आकड्यांचं माप बदललं, आता +१ म्हणजे इंजिनांच्या आपसातल्या डावांत तिथून पांढरा जिंकायची शक्यता साधारण निम्मी, असं ते माप आहे. इंजिनांच्या आपसातल्या! तुम्ही आणि मुलुंडचा कोणी काका यांच्यातल्या नव्हे. पंधराशेच्या डावात +१ चं -१ होऊन परत +१ होणं हे चहा पिता पिता होतं, त्याच्यावर परिच्छेद लिहायचा म्हणजे कागद फुकट.

आणि मोठा उडी मारणारा आकडा असला तरी तिथे लिहायचं असतं ते माणसाबद्दल. सिंगापूरची जगज्जेतेपदाची लढत आठवा, १२ डिसेंबर २०२४, चौदावा आणि शेवटचा क्लासिकल डाव, गुण साडेसहा-साडेसहा. डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी, गुकेशकडे एक प्यादं जास्त पण बरोबरी दिसत होती. ५५ व्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला आणि सगळ्या स्क्रीनवरचे, कोण पुढे ते दाखवणारे इंजिनचे बार खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांनी "डिंगची घोडचूक" एवढंच लिहून सोडून दिलं. अरे पण का? हत्ती-हत्ती मारामारी झाली की पट लहान होतो, प्याद्याने मागे असलेल्याला नेहमी वाटतं कमी मोहरी म्हणजे बरोबरी जवळ, तासन्तास खेळून दमलेला हात तीच खेळी करतो. पण डिंगचा उंट कुठे होता, ए८ ला, अगदी कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेषा. हत्ती गेल्यावर गुकेशने स्वतःचा उंट डी५ ला आणून त्या रेषेवर ठेवला, आता उंटांची मारामारी टळत नाही, आणि ती झाली की उरतात राजे आणि प्यादी, ते एंडिंग काळा सरळ जिंकतो. ५८ खेळ्यांत डिंगने राजीनामा दिला आणि १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. तर टीप अशी हवी, की "मारामारी करण्याआधी कोपऱ्यातल्या उंटाकडे बघा". ही टीप तुमच्या माझ्या डावालाही लागू पडते, बार नाही पडत.

मग इंजिन लावायचंच नाही का? लावायचं, शेवटी. आधी तुमची टिपणं पूर्ण, मग इंजिन, आणि जिथे तुमचं आणि त्याचं जमत नाही तिथेच थांबायचं, एका डावात अशा तीन-चार जागा सापडतात. तिथे डायग्राम टाका, बाकीच्या तीस खेळ्यांखाली काही लिहू नका. इंजिनची लाइन तेव्हाच द्या जेव्हा ती तुम्ही स्वतःच्या एका वाक्यात समजावू शकता. नाही समजली तर "इंजिन म्हणतं एच४, मला का ते अजून कळलेलं नाही" असं लिहून मोकळे व्हा. वाचणारे तुटून पडतील समजवायला, बघाच.

प्रश्न : माझं वय ७१, गिरगावात बालपण गेलं. सत्तरच्या दशकात खेळलेल्या डावांच्या दोन वह्या आहेत, जुन्या पद्धतीने लिहिलेल्या, पी-के४ वगैरे. नातवाला वाटतं हे ऑनलाइन टाकावं. पण आताच्या पोरांना ती लिपी कळत नाही, आणि मला कॉम्प्युटर. काय करावं?

काका, हे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच. कृपया त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका.

ती पद्धत म्हणजे डिस्क्रिप्टिव्ह नोटेशन. फिडेने १९८१ पासून फक्त आताची, म्हणजे ई४-ई५ वाली पद्धत मान्य केली, म्हणून नंतरच्या पोरांनी ती बघितलेलीच नाही. नातवाला एकच गोष्ट नीट सांगा, की जुन्या पद्धतीत घरं आपापल्या बाजूने मोजतात. पांढऱ्याचं पी-के४ म्हणजे ई४, पण काळ्याचं पी-के४ म्हणजे ई५. एन-केबी३ पांढऱ्याचं असेल तर घोडा एफ३, काळ्याचं असेल तर घोडा एफ६. पी म्हणजे प्यादं, एन म्हणजे घोडा, बी म्हणजे उंट, के म्हणजे राजाच्या बाजूचं, क्यू म्हणजे वजिराच्या बाजूचं. जुन्या काही वह्यांमध्ये घोड्याला एन ऐवजी केटी लिहिलेलं असतं, ते बघून घाबरू नका. आणि "पी घेतो पी" असं नुसतं लिहिलेलं असतं, तिथे कुठल्या प्याद्याने कुठलं मारलं ते पट मांडूनच कळतं, कारण तेव्हा एकच शक्यता असेल तर बाकी लिहायचा कंटाळा सगळेच करायचे.

कामाची वाटणी सोपी आहे. तुम्ही वही घेऊन बसा आणि खऱ्या पटावर खेळ्या करा, नातू तीच खेळी लिचेसच्या अ‍ॅनालिसिस बोर्डावर बोटाने सरकवेल. डाव पूर्ण झाला की तिथूनच पीजीएन नावाची साधी टेक्स्ट फाइल मिळते, १९९३ साली स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ठरवलेला हा फॉरमॅट आहे आणि आजही जगातलं जवळजवळ प्रत्येक बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर तो वाचतं. वर स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल अशा सात ओळी भरायच्या असतात. तारीख आठवत नसेल तर वर्ष घालून महिना-दिवसाच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवायची, तशी सोयच आहे त्यात. अंदाजाने तारीख ठोकू नका. फक्त त्या काळातल्या साध्या, घरगुती खेळाडूंची पूर्ण नावं टाकण्याआधी शक्य असेल तर विचारून घ्या, नाहीतर आद्याक्षरं पुरेत.

आणि काका, डावापेक्षा बाजूचं लिहा. तो काळ म्हणजे गिरगावातल्या खाडिलकर भगिनींचा काळ, वासंती खाडिलकर १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकल्या, मग जयश्री, मग रोहिणी. घड्याळ कुठून आणायचात, पट कोणाच्या गॅलरीत मांडायचात, विलायती नियमाने खेळायला कोण तयार असायचं आणि कोण देशीच खेळणार म्हणून अडून बसायचं, प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जातं की एकच यावरून भांडणं झाली का? चाळीतला हा इतिहास कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीये. नातवाला म्हणावं फोनवर रेकॉर्ड कर, टाइप नंतर होईल.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, अंडर-टेनच्या स्पर्धा खेळतो. त्याचे डाव, फोटो, ट्रॉफी सगळं एका ठिकाणी ऑनलाइन टाकावं असं सरांनी सुचवलंय. करू का? (एक आई, मुलुंड)

डाव टाका, फोटो आणि बाकीचं नको. स्पर्धेत रेटिंग मिळालं की फिडेच्या वेबसाइटवर नाव आणि जन्मवर्ष आपोआप सगळ्यांना दिसतंच, त्यात आपण शाळा, सोसायटी, क्लासची वेळ आणि "आज संध्याकाळी आम्ही अमुक हॉलला" अशी भर का घालायची? टोपणनाव ठेवा. लिचेसच्या स्टडीला 'अनलिस्टेड' करून ठेवता येतं, म्हणजे ज्याला लिंक दिली त्यालाच दिसतं, आजी-आजोबा आणि सर यांना पुरतं तेवढं. समोरच्या मुलाचं नाव तर बिलकुल नको, ते दुसऱ्या कोणाचं तरी बाळ आहे आणि ते हरलंय.

आणि ताई, टिपणं त्याला लिहू द्या. "मला भीती वाटली म्हणून मी राजा पळवला" असं त्याने लिहिलं तर ते तसंच ठेवा, तुम्ही किंवा सरांनी त्याचं "येथे राजाची सुरक्षितता महत्त्वाची होती" करू नका. रविवारी रात्री हरून आल्यावर लिहायला बसवू नका. बुधवारी बसवा.

प्रश्न : गुकेश, दिव्या देशमुख, विदित यांच्या डावांवर लिहिलं तर कॉपीराइटचा त्रास होतो का? (विलेपार्ले आणि ठाणे, दोघांनी विचारलंय)

खेळ्या ही घडलेली घटना आहे, क्रिकेटच्या स्कोअरसारखी, त्यावर सहसा कोणाची मालकी मानली जात नाही. २०१६ च्या जगज्जेतेपदाच्या वेळी आयोजक कंपनीने इतर वेबसाइट्सना खेळ्या लाइव्ह दाखवण्यापासून थांबवायचा प्रयत्न केला होता, न्यूयॉर्कच्या कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही. ते अमेरिकेतलं झालं, मी वकील नाही, पण जगभर सगळे डाव डेटाबेसमध्ये फिरतायत ते याच समजुतीवर.

कॉपीराइट असतो तो टिपणांवर. दुसऱ्याने लिहिलेलं विश्लेषण, व्हिडिओची क्लिप, फोटोग्राफरने काढलेला फोटो, हे उचलायचं नाही. मराठीत भाषांतर करून टाकलं तरी ते उचलणंच. दिव्याचा बटुमीमधला २०२५ च्या महिला वर्ल्ड कप फायनलचा डाव घ्या, कोनेरू हम्पीविरुद्धचा, खेळ्या टाका आणि तुम्हाला काय दिसलं ते लिहा. तुमचं कमी आणि चुकीचं असलं तरी तुमचं असेल.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, रेटिंग १६४०. मी माझी ओपनिंगची तयारी लिहून टाकली तर स्पर्धेत समोरचे वाचून येतील ना? (लालबाग)

येऊ दे की! अरे, तुझ्यासाठी तयारी करून येण्याएवढा वेळ कोणाकडे आहे, पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागतं आणि दहा मिनिटांत फेरी सुरू होते, तेवढ्यात माणूस वडापाव खाईल की तुझं पान वाचेल? आणि कोणी वाचून आलाच तर तू एक खेळी बदल, तो गोंधळेल, तू नाही. लपवायचंच असेल तर एक कर, चालू स्पर्धेतले डाव स्पर्धा संपल्यावर टाक.

पण तुझा प्रश्न मला दुसऱ्या कारणाने आवडला. तुला वाटतंय की तुझी तयारी म्हणजे लपवण्यासारखी काहीतरी वस्तू आहे. ती लिहून बघ, म्हणजे प्रत्येक खेळीपुढे "का" लिही. आठव्या-नवव्या खेळीनंतर तुझ्याच लक्षात येईल की पुढचं पाठ आहे, समजलेलं नाही.

प्रश्न : एकाने माझ्या विश्लेषणाखाली "हे सगळं चूक आहे, आधी शिका मग लिहा" असं लिहिलं. खूप लागलं. बंद करू का? (अंधेरी)

बॉटविनिक १९४८ साली जगज्जेता झाला, पुढे कार्पोव, कास्पारोव, क्रॅमनिक तिघेही त्याच्या शाळेतून गेले. त्याचा आग्रहच असा होता की आपलं विश्लेषण छापा, म्हणजे लोक त्यात चुका काढतील. घरी ठेवलेल्या वहीत कोण चूक काढणार? तेव्हा ज्याने "हे सगळं चूक" लिहिलं त्याला शांतपणे विचारा, कुठली खेळी? बहुतेक वेळा पुढे उत्तर येत नाही आणि विषय संपतो. आलंच, आणि त्याने खरंच चूक दाखवली, तर जुनं लिखाण पुसू नका, त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहा आणि त्याचे आभार माना, टोमणा न मारता.

नुसत्या शिव्या असतील तर डिलीट करा, त्याला कुठलं तत्त्वज्ञान लागत नाही.

प्रश्न : माझा ऑनलाइन एक डाव चालू आहे, एका खेळीला तीन दिवसवाला. पोझिशन मस्त आहे! त्यावरच लिहायला घेतलंय, तुम्हाला सोबत पाठवतोय, पुढची खेळी काय वाटते? (घाटकोपर)

पाठवलेलं उघडलंही नाही. चालू डावात कोणाचा सल्ला घेणं आणि इंजिन लावणं, दोन्ही नियमाबाहेर, मग ते तीन मिनिटांचं असो की तीन दिवसांचं, अकाउंट बंद होतं त्याच्यापायी. तुझं स्वतःचं काय वाटतं ते खासगी वहीत रोज लिही, तेही तारीख घालून, समोरच्याला दिसेल असं कुठे टाकू नकोस. डाव संपला की निकालासकट पाठव, हरलास तर आधी पाठव.